तिसरा भाग आधी वाचू नये

माझी कादंबरी कापली हेमचंद्रनं. माझ्याच घरी, माझ्याच डायनिंग टेबलवर, माझ्याच भाजीच्या सुरीनं. वर मलाच म्हणतो, “अरुणाताई, तुम्ही जरा आत जाऊन बसा, तुम्हाला बघवणार नाही.” मी कशाला आत जातेय! तिथंच उभी राहिले. चारशे बारा पानांचे चार तुकडे झाले, आणि उरलेलं कव्हर श्रीनिवासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, उचलून शोकेसमध्ये ठेवलं. माणूस गेल्यावर मागं चष्मा ठेवतात ना, तसं.

ओरडायची सोय नव्हती, कारण ही पद्धत मीच पाडलेली. इथं सिंगापुरात क्वीन्सटाउनपासून क्लेमेंटीपर्यंतच्या आम्हा अकरा मराठी घरांची एक पुस्तक-भिशी आहे. भिशी म्हणजे पैसे नाहीत, फक्त चिठ्ठ्या. सुट्टीला जाऊन येणाऱ्यानं बॅगेत चकल्यांच्या आणि लोणच्याच्या मधोमध एखादं पुस्तक आणायचं. दर पंधरा दिवसांनी रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, डब्यातल्या चिठ्ठ्या काढायच्या, आणि चिठ्ठीत निघेल ते पुस्तक घरी न्यायचं. जाडजूड पुस्तक अकरा घरं फिरायला वर्ष घ्यायचं. म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच डोकं चालवलं, की जाड पुस्तकाचे भाग करू, प्रत्येकाला स्पायरल बाइंडिंग करू, म्हणजे एका वेळी चार घरांत वाचून होईल. दुसऱ्याचं पुस्तक कापताना माझा हात जराही कापला नव्हता.

हे दोन हजार पाचचं. माझी कादंबरी पुण्यात छापून झाली होती आणि प्रकाशकानं माझ्या दहा प्रती समुद्रमार्गे पाठवल्या होत्या. ते जहाज कुठल्या बेटावर विसावा घेत होतं देव जाणे. भिशीतला हेमचंद्र पुण्याहून येताना एक प्रत घेऊन आला, तीच ही. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार पुठ्ठे लावले. प्रत्येक भागाच्या शेवटी चार कोरे कागद, अभिप्रायासाठी. पेन्सिलनं लिहायचं, नाव घालायचं नाही, म्हणजे लोक मोकळेपणानं लिहितात. हा नियमही माझाच.

आता यात एक गोम आहे, ती मला माझं स्वतःचं पुस्तक कापलं जाईपर्यंत दिसली नव्हती. कुणाला कुठला भाग मिळणार हे चिठ्ठी ठरवते. पिवळा आधी निघाला तर शेवट आधी वाचायचा. तीन वर्षं आम्ही अशाच कादंबऱ्या वाचत होतो आणि एकाचीही तक्रार नव्हती. मी चार वर्षं घालून पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली गोष्ट, आणि लोक गच्चीतून घरात शिरत होते!

कादंबरी आमच्या घरची. भिशीत सगळे तिला ‘दक्षिणेकडच्या घराण्याची कादंबरी’ म्हणत, शिरीष तर ‘साउथची फॅमिली सागा’ म्हणायचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला निपाणी म्हणजे दक्षिण ध्रुव. आमची तिथं तंबाखूची वखार. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. त्याच वर्षी दादाचं लग्न झालं, आणि अठरा वर्षांची वहिनी घरात आली. नवी नवरी तंबाखूच्या वासानं लग्नाच्या पंगतीत शिंका देत बसली होती, आणि तशी शिंकतच तिनं मला मांडीवर घेऊन जेवू घातलं. पहिला भाग तो. दुसरा भाग आमच्या घरातल्या काका-काकूंचा, भांडणांचा, वाटण्यांचा. तिसऱ्यात नंदा, म्हणजे मीच, पुण्याला कॉलेजात जाते, आणि तिच्या परीक्षेच्या ऐन मध्यात अण्णा, तिचे वडील, वारतात. भाऊ तार करायला सायकल काढतो आणि वहिनी सायकलची किल्ली काढून घेते. नंदाला कळवत नाहीत. पेपर संपवून ती घरी येते तेव्हा तेराव्याची भांडीसुद्धा घासून झालेली असतात. ‘तू माझी आई नव्हेस, वखारीची राखणदार आहेस,’ असं नंदा वहिनीला म्हणते, आणि तिसरा भाग संपतो.

चौथ्यात नंदा मोठी होते, स्वतःला मुलं होतात, आणि तिला कळतं. त्या दिवशी ती घरी आली असती तर काकांनी परत पुण्याला पाठवलंच नसतं, स्थळ बघून ठेवलेलं होतं. वहिनीनं किल्ली काढून घेतली म्हणून नंदा शिकली. हे कळून ती वहिनीला मनातल्या मनात माफ करते. हे सगळं खरं आहे, एकोणीसशे एकाहत्तर सालचं. खोटं एवढंच, की खऱ्या मी वहिनीला ते वाक्य तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. मी दोन वर्षं तिच्याशी बोललेच नाही. मग बोलायला लागले. माफ केलं, हेही सांगितलं नाही. ते सांगण्यासाठीच तर चारशे बारा पानं लिहिली!

असो. अभिप्राय यायला लागले.

पहिला लाल भागावर: ‘शिंका फार आहेत.’ झालं. चार वर्षांच्या तपश्चर्येचं फळ.

दुसऱ्यानं पृष्ठ सात, नऊ, बारा, पंधरा असे त्रेचाळीस आकडे लिहून खाली म्हटलं होतं, ‘लेखिकेच्या स्त्रिया मी जातो, मी येतो असं बोलतात. मुद्रितशोधन झालेलं दिसत नाही.’ नाव नसलं तरी हे शिरीषचं, कारण इतक्या सुबक अक्षरात इतका खवचट माणूस आमच्यात एकच. अरे बाबा, आमच्याकडं बायका असंच बोलतात! मी फोन करून झापलं तर म्हणतो, “मग तळटीप तरी द्यायची.” कादंबरीला तळटीप!

मेधाला पिवळा भाग आधी मिळाला. तिनं लिहिलं, ‘वहिनी म्हणजे साक्षात देवी. माझ्या सासूबाईंना मुद्दाम वाचायला दिला.’ कुणाला तरी हिरवा आधी मिळाला, त्यांनी लिहिलं, ‘असली बाई आमच्या घरात असती तर मी दुसऱ्या दिवशी तिची बॅग भरून दिली असती.’ हेमचंद्रनं कळवलं की त्या काळी निपाणीहून कोल्हापूरची गाडी सहाला नव्हे, साडेसहाला सुटायची. मेधाची मुलगी गार्गी सोळा वर्षांची, मराठी वाचता येत नाही पण आईकडून थोडंथोडं ऐकलेलं. ती मला लिफ्टमध्ये इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली, “आँटी, तुझ्या बुकमधले पीपल नेव्हर से सॉरी लाह. ओन्ली जेवायला वाढतात.” मी सातव्या मजल्यावर उतरायचं ते नवव्यावर उतरले.

आणि एक अभिप्राय हिरव्या भागाच्या शेवटी. ‘वडील जातात तो प्रसंगच पुस्तकात नाही. ते कसे गेले, कोण जवळ होतं, काय म्हणाले, काही नाही. लेखिकेनं सगळ्यात महत्त्वाचं पान कोरं सोडलं आहे.’ हे वाचून मी चार दिवस धुमसत होते. मी नव्हतेच तिथं, तर लिहू कुठून? शोध घेतला, पण अक्षर ओळखू येईना. आज मात्र लिहिणारा सापडला तर त्याला घरी बोलावून पुरणपोळी खायला घालीन.

खरं सांगायचं तर सगळ्यांनाच घालीन. पुण्यात माझ्या पुस्तकावर दोन परीक्षणं आली, दोन्ही मिळून अकरा ओळी, आणि दोघांनीही पुस्तक उघडलं नसावं. इथं ही माणसं ऑफिस संपवून, MRTत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लोंबकळत, हातात पेन्सिल घेऊन माझं निपाणी वाचत होती. नाकं मुरडत होती, पण पान सोडत नव्हती. शिरीषनं त्रेचाळीस चुका काढल्या म्हणजे त्रेचाळीस वेळा तरी तो थांबला ना? मला तेव्हा राग येत होता. पण त्या रागाच्या खाली फार बरं वाटत होतं, हे कबूल करते.

एवढ्यात वहिनी सिंगापूरला आली.

तिचा धाकटा मुकुल वन-नॉर्थला एका कंपनीत आहे, घर क्लेमेंटीला. त्याची बायको राधिका बाळंत झाली, मुलगी झाली. राधिकाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून बाळंतपणाला सासूच आली. पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसून, सोबत मेथ्या, डिंक आणि बाळंतशेपा घेऊन. दादा जाऊन पाच वर्षं झाली होती. मी कादंबरी लिहिल्याचं तिला ठाऊक होतं, पण कशावर लिहिली ते मी सांगितलं नव्हतं. माझा बेत पक्का होता. जहाजातून प्रती आल्या की एक अखंड पुस्तक स्वतःच्या हातानं तिला द्यायचं, आणि म्हणायचं, पहिल्या पानापासून वाचा. चौथ्या भागापर्यंत पोचली की तिला कळेल, की चौतीस वर्षं माझ्या पोटात काय होतं. मला दुसरं काही नको होतं. ती परत गेल्यावर लोकांनी शिंका मोजत बसावं, माझं काही म्हणणं नव्हतं.

राधिका आमच्या भिशीत आहे. म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, वहिनी आहे तोवर क्लेमेंटीच्या त्या घरात माझ्या पुस्तकाचा एकही भाग जाता कामा नये. त्यांना चिठ्ठी काढायलाच लावू नका. कारण नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

बुधवारी दुपारी राधिकाचा फोन आला. हळू आवाजात, म्हणजे शेजारी कुणीतरी झोपलेलं असणार. “आत्या, ते तुमच्या पुस्तकाचं… सासूबाईंनी वाचलं.”

“कुठलं पुस्तक? कुठून आलं?”

“नीताकाकू लाडू घेऊन आल्या होत्या सोमवारी. त्यातच दिलं. म्हणाल्या, घरात बसून कंटाळली असशील. मी उघडलंसुद्धा नाही हो, बाळच सोडत नाही. सासूबाईंनीच घेतलं.”

“रंग कुठला?”

“हिरवा.”

मी खुर्चीत बसले. चारांतला तिसरा! लाल दिला असता तर निदान मांडीवरचा घास तरी आधी वाचला असता.

“काय म्हणाल्या वाचून?”

“काहीच नाही. काल दिवसभर वाचत होत्या. आज सकाळी परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. जेवल्या नाहीत नीट. मला भीती वाटतेय.”

नीताही भिशीतलीच; तिला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ती बिचारी रडवेली झाली. “अगं, तू सांगितलं होतंस ते मला वाटलं, बाळंतिणीला वाचायचा ताण नको म्हणून. मी म्हटलं, पातळ भाग आहे, वाचेल.” चांगुलपणानं केलेल्या चुकीवर नीट भांडताही येत नाही. मी फोन ठेवला.

आता एकच मार्ग होता, पिवळा भाग. वहिनीच्या मनात ते राखणदाराचं वाक्य घट्ट बसायच्या आत चौथा भाग तिच्या हातात पडला पाहिजे. भिशीची वही काढली. पिवळा कुणाकडं? शिरीषकडं! देवानं माणूस बरोबर निवडला होता. फोन केला तर म्हणतो, “ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. माझं अजून संपलं नाही.”

“शिरीष, पुढं काय होतं ते मी तुला तोंडी सांगते. मी निघाले.”

क्वीन्सटाउनहून बोना व्हिस्टाला उतरले आणि तिथून चालत. बस होती, पण थांबायचा धीर नव्हता. उन्हानं डोकं तापलेलं, साडी घामानं चिकटलेली. ऑफिसच्या काचेच्या इमारतीखाली शिरीष पिवळा भाग घेऊन उभा होता. माझं तोंड बघून त्यानं खवचटपणा केला नाही, ही त्याची मोठी मेहेरबानी. उलट म्हणाला, “अरुणाताई, शेवटचं प्रकरण चांगलं आहे. चुका नाहीत.” मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत स्टेशन गाठलं.

क्लेमेंटीला दार राधिकानं उघडलं आणि बोटानंच आत खुणावलं. वहिनी सोफ्यावर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. हिरवा भाग शेजारी. मी चपलासुद्धा धड काढल्या नाहीत.

“वहिनी, तुम्ही ते मधलंच वाचलंत. ते तसं नाही. हे घ्या, हे पुढचं. आधी हे वाचा.”

“आधी पाणी पी,” वहिनी म्हणाली. “केवढा घाम आलाय! चालत आलीस होय?”

“वहिनी, वाचा ना. थोडंच आहे.”

“काय आहे त्यात?”

“त्यात नंदाला सगळं कळतं. वहिनीनं का केलं ते. तिच्या भल्यासाठीच केलं ते.”

“आणि मग माफ करते होय मला?”

मी मान हलवली. मी रडायच्या बेतात होते. आणि वहिनी हसली. तोंडावर दुपटं धरून हसली, बाळ उठू नये म्हणून.

“मी कुठं मागितली होती गं माफी?”

मी पिवळा भाग तसाच तिच्यापुढं धरला.

“ते पिवळं तुझ्याजवळच ठेव,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे त्यात काय असेल. तुझ्या पत्रांसारखं असेल. गोड. वहिनी तुम्ही कशा आहात, गुडघा कसा आहे, तब्येतीला जपा. तीस वर्षं तेच वाचतो मी. हे हिरवं खरं आहे. दोनदा वाचून काढलं.” तिनं तो भाग उचलला आणि बोट घालून शेवटचं पान उघडलं. “हे वाक्य मला का म्हणाली नाहीस कधी? सगळ्या लोकांना छापून सांगितलंस. मला सोडून.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटू दे की! मी तयारच होतो. तू येणार त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना मागच्या अंगणात पाठवलो, यांनासुद्धा. म्हटलं पोर येईल, ओरडेल, डोकं आपटेल, दोन तडाखे मलाही मारेल. मारू दे. आणि तू काय केलीस? पाय धुतलीस, पाटावर बसलीस, वाढलेलं जेवलीस. पेपर बरे गेले म्हणालीस. मग दोन वर्षं बोलली नाहीस, आणि बोलायला लागलीस ती मला अहो म्हणत.”

तिचा आवाज आता चढला होता.

“सहा वर्षांची होतीस तेव्हापासून मला तू म्हणायचीस! माझ्या नाकाला नाक लावून भांडायचीस. पोटची असतीस तर भांडली असतीस. तू पाहुणी झालीस आमच्या घरात. चौतीस वर्षं मी पाहुणीला वाढतो आहे.”

मला काय झालं सांगता येत नाही. बाळंतिणीचं घर, भर दुपार, चार दिशांना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि मी त्रेपन्न वर्षांची बाई ओरडले. “मग का नाही कळवलंस? का नाही कळवलंस मला? दादा सायकल काढत होता. किल्ली कशाला घेतलीस? माझे वडील होते ते!”

“माझे कोण होते? मी काय दगड होतो?” वहिनीही तेवढ्याच जोरात. “कळवलं असतं तर परत जाऊ दिला असता का तुझ्या काकानं? स्थळ ठरवून बसलेला! चूल फुंकत बसली असतीस. पुस्तक लिहिते म्हणे!”

“नसतं लिहिलं! मला तोंड बघायचं होतं त्यांचं!”

“मला कळत नव्हतं होय ते? कळत होतं म्हणूनच घेतली किल्ली. परत तशी वेळ आली तर परत घेईन!”

“घे! आणि मी परत तुझ्याशी बोलणार नाही!”

“नको बोलूस. भांड!”

आतून बाळानं टाहो फोडला. राधिका दारात येऊन उभी राहिली, चेहरा पांढराफटक. “सासूबाई, आत्या, प्लीज…”

“तू आत जा, पोरीला घे,” वहिनी तिला म्हणाली. “आमचं चाललंय.”

राधिका गेली. आम्ही दोघी धापा टाकत बसलो. मग वहिनीनं तेच दुपटं माझ्याकडं टाकलं. मी तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या अंगाला अजून बारीकसा तंबाखूचा वास आहे, वखार विकून वीस वर्षं झाली तरी. मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तिनं माझ्या चुरगळलेल्या पदराचं टोक नीट केलं.

“वहिनी,” मी म्हटलं, “अण्णा कसे गेले?”

“आज विचारतेस?”

“तू सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. मी रोज म्हणायचो, आज विचारेल.” तिनं दुपटं माझ्या हातातून घेतलं आणि घडी घालायला लागली. “रात्रभर दम लागला होता. मी आणि हे, दोघं बसून होतो. पहाटे जरा कमी झाला. साडेदहाच्या सुमाराला डोळे उघडले त्यांनी. मला म्हणाले, किती वाजले? मी म्हणालो, साडेदहा. म्हणाले, अकराला बसते ना पोर पेपराला? मी म्हणालो, होय. म्हणाले, आज कुठला? मी म्हणालो, इतिहास. तर हसले बघ. म्हणाले, मग काळजी नाही, इतिहासात ती कुणाला ऐकायची नाही. दोन घोट चहा घेतला माझ्या हातून. बशी ठेवून वळलो तोवर गेले होते.”

मी त्या दिवसाची तारीख कधीच विसरले नाही, आणि टाइमटेबलही नाही.

“त्या दिवशी इतिहास नव्हता, वहिनी. अर्थशास्त्र होतं.”

“ठाऊक आहे की मला,” वहिनी म्हणाली. “तू पाठवलेला कागद माझ्या उशीखालीच होता. पण अर्थशास्त्र म्हणालो असतो, तर काळजी करत गेले असते.”